कान देऊन : मँचेस्टरच्या काळ्या रेकॉर्डबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमचा, 'अननोन प्लेझर्स'चा, जाता जाता उल्लेख केला होता. १५ जून १९७९ ला आलेला हा अल्बम. पंकची, म्हणजे जोरकस, बंडखोर रॉक संगीताची, पहिली लाट ओसरली आणि तिच्यातल्याच काही पोरांनी आरडाओरडा कमी करून गाण्यात मोकळी जागा ठेवायला सुरुवात केली. त्या संगीताला पुढं पोस्ट-पंक म्हणू लागले. त्याची गोष्ट या अल्बमाशिवाय सांगताच येत नाही. दोन ओळींच्या उल्लेखावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी परभणीत एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. भीमगीतं, हरिपाठ, भारूड, लग्नाची गाणी आणि निवडणूक आली की प्रचाराची गाणी. त्यामुळं उत्तरं रेकॉर्डिस्टच्या खुर्चीतून येतील.

प्रश्न : गंजगोलाईतून एक काळा टी-शर्ट घेतला. पुढं पांढऱ्या रेघा आहेत, वर-खाली होणाऱ्या. कॉलेजात एक जण म्हणतो ईसीजी आहे, मैत्रीण म्हणते डोंगर आहेत. दुकानदार म्हणाला, 'ताई, लई खपतंय, एवढंच माहीत.' तुमचा लेख वाचल्यावर कळलं की हे त्याच अल्बमचं चित्र आहे. पण ते आहे काय? — विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तो एका ताऱ्याचा आलेख आहे. १९६७ साली केंब्रिजमध्ये पीएच.डी. करणाऱ्या जोसलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर एक बारीकशी वेगळी खूण दिसली. पाठपुरावा केला तर दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका, घड्याळालाही लाजवेल इतका नेमका. परग्रहावरून कुणी खूण करतंय की काय, अशीही शंका त्या गटाला चाटून गेली. तो निघाला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा. दर फेरीला त्याचा रेडिओझोत आपल्यावरून जातो. माणसाला सापडलेला हा पहिला पल्सार, सीपी १९१९. त्याबद्दलचं नोबेल १९७४ साली बेल यांच्या मार्गदर्शकांना मिळालं, खुद्द बेल यांना नाही. २०१८ साली बेल यांना ३० लाख डॉलरचा दुसरा एक मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी एरवी पदार्थविज्ञानात येऊ न शकणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

शर्टावरचा आलेख मात्र हॅरॉल्ड क्राफ्ट या अमेरिकी संशोधकाचा. पोर्तो रिको बेटावरच्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर टिपलेले ८० ठोके त्यानं एकाखाली एक मांडले आणि १९७० च्या आपल्या प्रबंधात घातले. पुढं तो आलेख १९७७ च्या एका खगोलविज्ञान कोशात छापून आला आणि बँडमधल्या एकाच्या नजरेला पडला. पीटर सॅव्हिल या तरुण डिझायनरनं पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा उलट्या करून काळ्यावर पांढऱ्या केल्या आणि खरबरीत काळ्या कव्हरच्या मधोमध लहानशा ठेवल्या. दर्शनी बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नवीन बँडची पहिलीच रेकॉर्ड आणि नावाशिवाय दुकानात! आजही कुणी असं धाडस करणार नाही.

शर्ट जवळून बघा. ठोका ठरल्या वेळी येतो, पण एकही रेघ दुसरीसारखी नाही. हा अल्बम ऐकताना मला नेमकं हेच ऐकू येतं. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर त्याला औंढा नागनाथचा रस्ता दाखवा. तिथं लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहतेय. अशाच न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी आपल्या हिंगोली जिल्ह्यात टिपल्या जाणार आहेत.

प्रश्न : मी बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. त्या अल्बममधलं 'शीज लॉस्ट कंट्रोल' ऐकलं. हे माणसानं वाजवलंय का मशीननं? आणि एवढा मोकळा आवाज आमच्या रेकॉर्डिंगला काहून येत नाही? — वादक, सेलू

उत्तर : माणसानंच वाजवलंय. स्टीफन मॉरिस त्याचं नाव. पण ज्या पद्धतीनं वाजवून घेतलंय, ती ऐकून तुम्ही डोक्याला हात लावाल.

अल्बम रेकॉर्ड झाला एप्रिल १९७९ मध्ये, मँचेस्टरला लागून असलेल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत. रेकॉर्डिंगची सूत्रं मार्टिन हॅनेटच्या हातात, जोडीला इंजिनिअर ख्रिस नेगल. हॅनेटला लीकेज अजिबात खपत नव्हतं. स्नेअरच्या (कडक वाजणाऱ्या ड्रमच्या) माईकमध्ये हाय-हॅटचा (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा) आवाज नको, बास ड्रमच्या माईकमध्ये स्नेअरचा नको. म्हणून त्यानं मॉरिसला काही गाण्यांत ड्रमचा एकेक भाग सुटा वाजवायला लावला. आधी नुसता बास ड्रम, मग नुसता स्नेअर, मग हाय-हॅट. ज्याचे हातपाय एका वेळी चार कामं करायला शिकलेत, त्याला एकच काम करायला सांगणं हा छळच आहे. तुम्ही उद्या नुसता धुम् वाजवून बघा, चाप वगळून, पाच मिनिटं. लय हातातून सुटते. मशीनसारखं वाटतं त्याचं कारण हे, आणि मशीन नाही हे कळतं त्याचंही कारण हेच.

सुटे आवाज मिळाल्यावर हॅनेटनं खरं काम सुरू केलं. बर्नलीच्या एएमएस कंपनीचं डिजिटल डिले तेव्हा नवीन निघालं होतं. बर्नली म्हणजे मँचेस्टरच्या जवळचंच गाव. लोक डिले वापरतात तो शब्द पुन्हा ऐकू यावा म्हणून. हॅनेटनं तो इतका कमी ठेवला, सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा, की वेगळा प्रतिध्वनी ऐकूच येत नाही. ऐकू येते ती खोली.

हे कसं होतं ते आपल्याकडच्या घरांवरून सांगतो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. भिंत साडेतीन मीटरवर असेल तर जाऊन परत यायला त्याला २० मिलीसेकंद लागतात. कान हे मोजत नाही, पण डोळे मिटूनही भिंत कुठं आहे हे त्याला कळतं. जुन्या माळवदाच्या घरात टाळी वाजवा, ती तिथंच विरते, कारण माती आवाज पिऊन टाकते. पत्र्याच्या शेडमध्ये वाजवा, ती कानात घुसते. वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात, सुताराच्या झोपडीत, कमानीच्या छताखाली एक 'सा' लावा, तो तुम्ही थांबल्यावरही थांबत नाही. प्रत्येक जागेचा आपला आवाज असतो आणि हॅनेट ती जागा यंत्रातून बनवत होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडं गायक बसला की पहिलं वाक्य असतं, 'दादा, थोडा इको टाका.' मग आम्ही ढोलकी, दिमडी, कोरस, गायक सगळ्यांवर एकाच मापाचा इको ओततो. सगळे एकाच मोठ्या हॉलमध्ये कोंबल्यासारखे होतात आणि कुणीच स्वच्छ ऐकू येत नाही. हॅनेटनं प्रत्येकाला वेगळी जागा दिली. स्नेअर एका खोलीत, गिटार दुसऱ्या, गायक जिन्यात कुठंतरी. मधलं अंतर रिकामं ठेवलं. तुम्ही ज्याला मोकळा आवाज म्हणता तो या रिकाम्या अंतराचा आहे. पुढच्या रेकॉर्डिंगला माझ्याकडं आलात तर ऑक्टोपॅडवर इको टाकणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आणखी काही गोष्टी कान देऊन ऐका. त्याच गाण्यात तालावर एक फस्-फस् येतं. तो टेपचं हेड साफ करायचा स्प्रे आहे. मॉरिसनं बंद बूथमध्ये उभं राहून तो तालात मारला आणि त्या वाफेनं गुदमरायची वेळ आली. 'इनसाइट'च्या सुरुवातीला स्टुडिओची जुनी लिफ्ट ऐकू येते आणि त्या गाण्यात गायकाचा आवाज चक्क टेलिफोनच्या तारेतून घेतलाय, लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून. शेवटच्या 'आय रिमेंबर नथिंग'मध्ये काचा फुटतात त्या खऱ्या बाटल्यांच्या. आज हे सगळं लॅपटॉपमध्ये तयार मिळतं. तेव्हा लिफ्ट हवी तर लिफ्टमध्ये माईक न्यावा लागे.

प्रश्न : आम्ही चौघांचा बँड आहे. स्टेजवर आमचं काम एकदम जोरात असतं. तीन गाणी रेकॉर्ड केली तर रेकॉर्डिस्टनं गिटार मागं ढकललं, सगळी आग काढून टाकली. भांडावं का? — गिटारिस्ट, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचं पत्र बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुकनं लिहिलंय असं वाटलं. एक गिटारवर, दुसरा बासवर. दोघं लहानपणापासूनचे सॅलफर्डचे दोस्त. जून १९७६ मध्ये मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात त्यांनी सेक्स पिस्टल्स या पंक बँडला वाजवताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी हुकनं बास गिटार विकत आणलं. जोर हेच त्यांचं शिक्षण. अल्बम हातात आला तेव्हा दोघांचीही तीच तक्रार होती : आम्ही असं वाजवत नाही, गिटारची धार गेली, सगळं थंड आणि अंधारं करून टाकलं. हुकनं पुढं मान्य केलं की हॅनेट बरोबर होता आणि अल्बम टिकला तो त्याच्यामुळं. सम्नर बरीच वर्षं नाराज राहिला.

माझं मत स्पष्ट आहे. रेकॉर्डच्या बाबतीत हॅनेट बरोबर होता आणि स्टेजच्या बाबतीत बँड. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेजवर चारशे माणसांच्या अंगावर आवाज फेकायचा असतो. रेकॉर्ड एकटा माणूस रात्री ऐकतो. तो अल्बम स्टेजसारखा केला असता तर १९७९ च्या शंभर चांगल्या रेकॉर्डमधली एक झाली असती.

पण हॅनेटची एक गोष्ट मला पटत नाही. मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे सुटे आवाज एकत्र जुळवताना, वाजवणारे आजूबाजूला असलेले त्याला आवडायचे नाहीत. माझ्याकडं संबळ वाजवणारा मिक्सिंगला शेजारी बसतो. त्याचा घामाचा आवाज आहे, तो कुठं ठेवला हे त्याला दिसलं पाहिजे.

म्हणून भांडू नका, विचारा. गिटार मागं का घेतलं? त्याच्याकडं कारण असेल, 'गायकाचा शब्द पुढं यावा म्हणून' असं काही, तर घरी जाऊन आठवडाभर ऐका. गाडीत ऐका, मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ऐका. आणि 'सगळे असंच करतात' हे उत्तर आलं तर सगळे ट्रॅक सुटे सुटे मागून घ्या आणि दुसरीकडं जा. पैसे भरलेत तर ट्रॅक तुमचे आहेत. रेकॉर्डिंगच्या आधीच हे बोलून ठेवायचं असतं.

जाता जाता हुकबद्दल. त्याचा बास वरच्या सुरात, जवळजवळ गाणं म्हटल्यासारखा वाजतो. त्याचं कारण साधं आहे. सम्नरचा अॅम्प्लिफायर मोठा होता, हुकचा स्पीकर भिकार, खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत. म्हणून तो वर वाजवू लागला. गायक इयान कर्टिसला ते आवडलं, त्यानं तसंच वाजव म्हणून सांगितलं आणि त्यातून एक आख्खी शैली निघाली. तुमच्याकडचं सामान कमी असेल तर त्याच्याकडं या नजरेनं बघा.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या एका मुलीला फिट येते. घरचे तिला शाळेत पाठवायला घाबरतात. या अल्बममध्ये अशा मुलीवर गाणं आहे असं तुम्ही लिहिलं होतं. ती कोण? — शिक्षिका, हिंगोली जिल्हा

उत्तर : बाई, इयान कर्टिस गायक व्हायच्या आधी आणि झाल्यावरही काही काळ सरकारी नोकरीत होता. मॅकल्सफील्ड या गावी, रोजगार कार्यालयात. अपंगत्व असलेल्या लोकांना काम मिळवून द्यायचं हे त्याचं काम आणि ते तो मनापासून करायचा. तिथं फिट येणारी एक तरुण मुलगी कामाच्या शोधात यायची. एकदा ती यायची बंद झाली. त्याला वाटलं, नोकरी लागली असेल. मग कळलं की फिटमध्येच ती गेली. 'शीज लॉस्ट कंट्रोल' तिच्यावर आहे.

पुढचं फार कठीण आहे. २७ डिसेंबर १९७८ ला लंडनचा कार्यक्रम करून परतताना कर्टिसला स्वतःलाच मोठी फिट आली आणि जानेवारीत अपस्माराचं निदान झालं. म्हणजे एप्रिलमध्ये स्टुडिओत हे गाणं म्हणताना तो दुसऱ्या कुणाबद्दल गात नव्हता. पुढं कधी कधी स्टेजवर त्याला खरीच फिट यायची आणि समोरच्यांना तो नाचाचाच भाग वाटायचा. त्या काळातली औषधं जड होती, सोबत रात्रीची जागरणं, प्रवास, चमकणारे दिवे. अपस्माराला यातलं काहीच मानवत नाही.

तुमच्या विद्यार्थिनीबद्दल लिहायला मला तज्ज्ञपणाचा अधिकार नाही, पण डॉक्टर मंडळी जे सगळीकडं सांगतात ते इथं लिहितो, कारण आपल्याकडं अजून चप्पल आणि कांदा हुंगवतात. चप्पल, कांदा, काही नको. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याभोवतीचं सैल करा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करा. नीट औषध चालू असलं तर दहापैकी सात जणांच्या फिट पूर्ण आटोक्यात येऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध मध्येच सोडायचं नाही, एवढं घरच्यांना पटवा. वर्गातल्या लेकरांनाही हे शिकवून ठेवा, म्हणजे कुणी किंचाळणार नाही. आणि तिला शाळेत येऊ द्या. त्या गाण्यातली मुलगी काम शोधायला घराबाहेर पडली होती, हे मी कधी विसरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सारखा हाच अल्बम ऐकतो. गायकानं २३ व्या वर्षी आत्महत्या केली असं समजलं, तेव्हापासून झोप लागत नाही. बंद करायला लावू का? — एक वडील, बीड

उत्तर : अल्बम बंद करू नका. मुलाशी बोलायला सुरुवात करा.

कर्टिस १८ मे १९८० ला गेला. हा अल्बम त्याच्या अकरा महिने आधी बाजारात आला होता. तो बनवताना ही चार पोरं विशीतली होती, एकमेकांच्या खोड्या काढत होती, आपली पहिली रेकॉर्ड येणार म्हणून हरखली होती. ती मृत्यूची चिठ्ठी म्हणून ऐकणं हा त्या कामावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही. आजार, औषधं, घरातली ओढाताण, कामाचा ताण, हे सगळं त्याच्यावर एकदम कोसळलं होतं. त्याच्या जाण्यात मोठं किंवा सुंदर असं काहीच नव्हतं. मागं बायको आणि एक वर्षाची मुलगी राहिली.

या गोष्टीतून बापानं घेण्यासारखं एक आहे. बँडमधल्या मित्रांनी नंतर सांगितलंय की तो काय गातोय याकडं आम्ही लक्षच दिलं नव्हतं. शब्द रोज कानावर पडत होते. तुम्ही शेजारी बसा आणि विचारा, यातलं कुठलं गाणं तुला आवडतं आणि का? उदास गाणी ऐकणारी बरीचशी मुलं ठणठणीत असतात, त्यांना त्यातून बळच मिळतं. पण त्याचं जेवण, झोप, मित्र तुटलेत असं दिसलं किंवा जगण्याचा कंटाळा आलाय असं काही बोलला, तर थेट विचारायला भिऊ नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेली-मानस फोन सेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्हाला झोप लागत नाही म्हणता, तर तुम्ही स्वतःही तिथं बोलू शकता.

प्रश्न : कुठल्या गाण्यापासून सुरुवात करावी? — वाचक, जालना

उत्तर : पहिल्यापासून. एकूण दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. रेकॉर्डच्या दोन बाजूंना नावं आहेत 'आउटसाइड' आणि 'इनसाइड'. आउटसाइडवरची पाच एका बैठकीत ऐका, 'डिसऑर्डर'पासून 'न्यू डॉन फेड्स'पर्यंत. दुसऱ्या दिवशी इनसाइड. हेडफोन लावा.

प्रश्न : यातून त्यांना पैसा किती मिळाला? — व्यापारी, परळी

उत्तर : सुरुवातीला फारसा नाही. फॅक्टरी रेकॉर्ड्स ही छोटी स्थानिक कंपनी, टीव्हीवर काम करणाऱ्या टोनी विल्सननं मित्रांबरोबर काढलेली. पहिल्या खेपेला १०,००० प्रती छापल्या. नफा अर्धा कंपनीचा, अर्धा बँडचा. हे बँडच्या बाजूनं फारच चांगलं होतं, मोठ्या कंपन्या त्याच्या जवळपासही देत नाहीत. विक्रीच्या यादीत अल्बम आला तो कर्टिस गेल्यावर, ऑगस्ट १९८० मध्ये, तोही ७१ व्या नंबरावर. राहिलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर नावानं बँड काढला आणि तो खूप गाजला. फॅक्टरीचं मात्र १९९२ साली दिवाळं निघालं. टी-शर्ट आजही खपतोय.

प्रश्न : १९७९ साली आमच्याकडं नामांतराचा लढा पेटला होता. ७८ च्या जुलैत ठराव झाला आणि आमच्या वस्त्या जळाल्या. नागपूरहून लाँग मार्च निघाला. त्या काळात आमचे शाहीर रात्र रात्र गात होते. त्यांच्यापुढं मँचेस्टरच्या चार पोरांचं दुःख मी काहून ऐकावं? — निवृत्त शिक्षक, नांदेड

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी स्टुडिओत मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांचं दुःख तुमच्यापेक्षा मोठं आहे म्हणून ऐका, असं मी कधीच म्हणणार नाही. मी हा अल्बम ऐकतो तो दुसऱ्या कारणासाठी.

मँचेस्टर हे कापसाचं गाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा तिथल्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस गेला. विसाव्या शतकात त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. ही पोरं मोठी झाली ती रिकाम्या कारखान्यांच्या आणि पाडलेल्या चाळींच्या मध्ये. तुम्ही नांदेडचे, उस्मानशाही मिल बंद पडल्यावर गावाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथल्या कुणाला गाणं रेकॉर्ड करायचं तर लंडन गाठावं लागे, जसं आपल्या गायकाला अजून पुणे-मुंबईची एसटी धरावी लागते.

मग काही लोकांनी ठरवलं की जायचं नाही. १९६८ च्या सुमारास स्टॉकपोर्टमध्ये स्ट्रॉबेरी स्टुडिओ उभा राहिला, लंडनच्या तोडीचा. टोनी विल्सननं मँचेस्टरमध्येच कंपनी काढली. बँडचा मॅनेजर रॉब ग्रेटन यानं लंडनचे पर्याय सोडून फॅक्टरी धरली. दर आठवड्याला लंडनच्या वाऱ्या नकोत, हा त्याचा एक हिशेब होता. गायक-वादक जवळपासचे, रेकॉर्डिस्ट मँचेस्टरचा, डिले बर्नलीचं, डिझायनर मँचेस्टरचा. नाव नसलेल्या चार पोरांच्या पहिल्या रेकॉर्डला त्यांनी इतकं लक्ष दिलं, जितकं मोठ्या कंपन्या मोठ्या नावांना देतात. आज जगभरचे बँड त्या आवाजाची नक्कल करतात. नक्कल करण्यासारखं माझ्या मते हे लक्ष आहे.

आता आपल्याकडचं बघा. वामनदादांची गाणी गात मोठे झालेले किती शाहीर ७८-७९ ला वस्त्यावस्त्यांत उभे होते. त्यांतल्या कितींचा आवाज आज शिल्लक आहे? काही कॅसेटी, त्याही तिसऱ्या-चौथ्या कॉपीच्या, शब्द कळत नाहीत अशा. गाणाऱ्यात काही कमी नव्हतं. त्यांच्यासमोर चांगला माईक घेऊन, एक दिवस मोडून, दिमडी कुठं ठेवू आणि आवाज कुठं ठेवू याचा विचार करत बसलेला माणूस नव्हता. मला याची फार हळहळ वाटते आणि गेली कित्येक वर्षं मी जे काम करतो ते त्यासाठीच. तुम्हाला त्या काळातली गाणी पाठ असतील, आणि असणारच, तर नांदेडहून परभणी लांब नाही. या. रेकॉर्डिंगचे पैसे घेणार नाही.

प्रश्न : आमच्या आजी भारूड म्हणतात. वय झालंय. आमच्याकडं फक्त मोबाईल आहे. तरी नीट रेकॉर्ड करता येईल का? — नातू, औसा तालुका

उत्तर : येईल, आणि उद्याच करा. पत्र्याची खोली टाळा, पाऊस नसला तरी पत्रा वाजतो. माळवदाची खोली असेल तर ती घ्या. नसेल तर आजीच्या मागच्या भिंतीला आणि समोरच्याही भिंतीला वाकळ टांगा. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून आजीच्या तोंडापासून वीतभर खाली आणि थोडा बाजूला ठेवा, घडी केलेल्या टॉवेलवर, म्हणजे जमिनीची धडधड येणार नाही. टाळ वाजवणारा असेल तर त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा, कारण टाळ आवाजाला खाऊन टाकतो. आधी एक भारूड नुसतं ऐकून बघा, टाळ जास्त वाटला तर त्याला दाराबाहेर न्या. इको टाकू नका, कुठलंही अॅप लावू नका. प्रत्येक भारूडाआधी आजींना त्याचं नाव आणि ते कुणाकडून शिकल्या ते सांगायला लावा. मधे त्या खोकल्या, पाणी प्यायल्या, तर रेकॉर्डिंग थांबवू नका. फाइल लगेच दोन ठिकाणी ठेवा आणि एक मला पाठवा.